मध्यम किमतीचा फोन, टीपीयू कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास: एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यावर

फोन साधाच आहे: सपाट अ‍ॅमोलेड स्क्रीन, गोरिला ग्लास ५ (वरची मजबूत केलेली काच), प्लास्टिकची फ्रेम, आयपी५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून मर्यादित संरक्षण). त्यावर पारदर्शक टीपीयू (मऊ, रबरासारखं प्लास्टिक) कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. आतापर्यंतचा हिशेब असा की पडण्याने झालं त्यापेक्षा जास्त नुकसान धुळीने आणि घामाने केलंय.

आधी पडण्याबद्दल. फोन सपाट, तोंडावर व्हिट्रिफाइड टाइलवर आपटला तर बहुतेक वेळा काही होत नाही, कारण धक्का सगळ्या काचेवर पसरतो. तोच फोन डांबरी रस्त्यावर किंवा खडीवर पडला की एखाद्या खड्याचं टोक नेमक्या एका बिंदूवर घुसतं. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यावर पडणं; काच फुटायची सुरुवात बहुधा कडेपासूनच होते. गोरिला ग्लास ५ ची २०१६ मधली जाहिरात १.६ मीटरवरून खडबडीत पृष्ठभागावर पडून ८० टक्क्यांपर्यंत वेळा वाचण्याची होती, पण ती नव्याकोऱ्या काचेची. ही काच मजबूत होते ती वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवल्यामुळे. काचेतले सोडियमचे कण बाहेर येतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे कण बसतात आणि वरचा थर दाबाखाली राहतो. हा थर मायक्रॉनांत मोजायचा. एखादा ओरखडा त्याच्या आरपार गेला की तिथली काच कमकुवत होते आणि पुढच्या वेळी कमरेएवढ्या उंचीवरूनही फुटते. 'इतक्यांदा पडला, काही झालं नाही, आणि आज एवढ्याशाने फुटला' यामागचं कारण बहुधा हेच.

ओरखडे कशाने पडतात? किल्ल्यांनी क्वचितच, किल्लीचं पितळ किंवा पोलाद काचेपेक्षा मऊ असतं. खरा शत्रू वाळू. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोहस् मापनावर फोनची काच ६ च्या आसपास ओरखडते, क्वार्ट्झ (वाळूतलं कठीण खनिज) ७ वर आहे, आणि रस्त्यावरच्या धुळीत, किनाऱ्यावरच्या रेतीत क्वार्ट्झ असतंच. गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर फोन खिशात घालण्याआधी खिसा उलटा करून झटकावा, हे कुठल्याही गार्डपेक्षा जास्त कामाचं.

टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावरचं '९एच' हे त्या मोहस् मापनावरचं नव्हे, पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ९एच ग्लासवर रेतीचे चरे पडतात, आणि ते पडले तर पडू द्यावेत. तो बळी जाण्यासाठीच असतो. '११डी' नावाने मिळणारे काळ्या बॉर्डरचे काही ग्लास फक्त कडेला चिकटतात. मधे हवा राहते, टच दगा देतो आणि बोटाचा ठसा घेणारा ऑप्टिकल सेन्सर अडखळतो. पूर्ण गोंद असलेलाच घ्यावा आणि कव्हर चढवल्यावर कड उचलली जात नाही ना, ते दुकानातच बघावं. वक्र स्क्रीनवर यूव्ही गोंदाचा (अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या गोंदाचा) ग्लास लावताना पातळ गोंद इअरपीसच्या जाळीत आणि बटणांत उतरतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

कव्हर मात्र पैसे वसूल करतं, एका अटीवर: कड स्क्रीनच्या आणि कॅमेऱ्याच्या वर साधारण १ मिलिमीटर तरी असावी आणि चारही कोपऱ्यांत हवेच्या पोकळ्या असाव्यात. शुद्ध टीपीयू ऊन, उष्णता आणि घामाने पिवळं पडतं, ते धुऊन जात नाही. पाठ पॉलिकार्बोनेटची आणि कडा टीपीयूच्या असलेलं कव्हर जास्त टिकतं. कव्हरमध्ये शिरलेली धूळ मात्र पॉलिश पेपरसारखी पाठ घासत राहते. आठवड्यातून एकदा कव्हर काढून दोन्ही पुसावं. या फोनच्या कोपऱ्यांचा रंग उडालाय तो पडण्याने नव्हे, अशा घासण्याने.

'मिलिटरी ग्रेड'चं काय? एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकाची ड्रॉप टेस्ट १.२२ मीटरवरून २६ वेळा असते, पण ती ५ नगांत वाटून घेता येते आणि खाली काँक्रीटवर ठेवलेलं २ इंची प्लायवूड असतं. आपल्याकडे प्लायवूडवर कोण फोन पाडतं?

दुचाकीच्या हँडलला होल्डर लावत असाल तर ओआयएस (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्स सरकवणारी यंत्रणा) असलेल्या कॅमेऱ्याचा विचार करा. अ‍ॅपलने २०२१ मध्ये जास्त ताकदीच्या बाइक इंजिनांच्या कंपनांबद्दल स्वतःच इशारा दिला होता. फोटो हलल्यासारखे यायला लागले किंवा फोकस सतत आत-बाहेर करू लागला, की लेन्सचं युनिट तपासून घ्यावं.

चार्जिंग केबल पूर्ण बसत नाही, जरा हलली की सुटते, यात पोर्ट खराब असण्यापेक्षा खिशातली लिंट (कापडाचे बारीक तंतू) तळाशी दाबून बसल्याची शक्यता जास्त. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने ती उकरावी. सुई किंवा टाचणी नको. मधल्या पट्टीवरच्या पिना वाकतात. पावसात 'पोर्टमध्ये ओलावा' असा संदेश आला तर पोर्ट खाली करून हलके ठोकावं आणि कोरड्या हवेत ठेवावं. तांदळाच्या डब्यात घालू नये, कण आत जातात. आणि आयपी५४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं, आषाढातल्या सरीसाठी झिपची पिशवीच.

जोरात पडल्यावर फोन सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का ते बघा. पाठ फुगल्यासारखी किंवा फ्रेमजवळ फट दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्ज करू नये.

स्क्रीन फुटलीच तर दुकानात 'फोल्डर' (काच आणि डिस्प्लेचा एकत्र संच) कोणता टाकणार हे आधी विचारा. अ‍ॅमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी कॉपी बसवली की स्क्रीन जाड होते, काळा रंग राखाडी दिसतो आणि डिस्प्लेखालचा फिंगरप्रिंट बंद पडतो. डिस्प्ले चालू असेल, टच ठीक असेल, तर फक्त वरची काच बदलून मिळते, मात्र ते काम ओसीए (काच आणि डिस्प्ले जोडणारा पारदर्शक गोंद) लावायचं मशीन असलेल्याकडेच. फोन उघडल्यावर नवी सीलिंग टेप लावायला सांगा आणि लावताना बघा. ती न लावता फोन परत मिळाला, तर आयपी५४ चं पाणीरोधक कवच गेलंच समजा.