लिप स्क्रब: दुकानातली डबी की घरची तूप-साखर?

धाकटी बहीण विचारत होती, ओठांवरची सुकलेली सालं घासून काढणाऱ्या लिप स्क्रबची शंभर-दीडशे रुपयांची डबी घेऊ, की घरीच करू?

आधी डबीमागची घटकांची यादी वाच. स्वस्त स्क्रबमध्ये बहुधा साखर, तेल, मेण आणि वर सुगंध-रंग असतात. साखर-तेल घरात आहेच. पुदिना किंवा दालचिनीच्या अर्काने मात्र नाजूक ओठ चुरचुरू शकतात. घरी चिमूटभर बारीक साखर थेंबभर तुपात कालवली की झालं, खर्च नगण्य. पण ती दर वेळी ताजी करावी लागते. डबी महिनोन्‌महिने टिकते, बॅगेतही राहते.

ओठ फुटून रक्त येत असेल तर दोन्ही नकोत, नुसतं तूप किंवा व्हॅसलीन लाव. हॉस्टेलवर राहणारीला डबी ठीक, तीही बिनवासाची बघून. तू घरी आहेस, तुला तूप-साखरच बरी.