एक मोठं उद्यान की वीस छोट्या बागा?

छोट्या शहराकडे हिरवाईसाठी १० हेक्टर जागा आहे असं धरू. सगळी एकाच उद्यानाला द्यायची, की अर्ध्या-अर्ध्या हेक्टरच्या २० बागा वस्त्यावस्त्यांत करायच्या?

मोठ्या उद्यानाची खरी ताकद त्याच्या गाभ्यात. कडेपासून बरंच आत गेलं की हॉर्नचा आवाज मागे पडतो, हवा गार लागते. तिथला पालापाचोळा न झाडता तसाच ठेवता येतो. त्या कुजणाऱ्या थरात गांडुळं, किडे वाढतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. छोट्या बागेला असा गाभा नसतोच, ती जवळजवळ सगळी कडाच. खर्चाचंही तेच. चौरस जागा धरली तर एका उद्यानाला सुमारे १,२६५ मीटर कुंपण लागतं, वीस बागांना मिळून जवळपास ५,६५० मीटर. नळ, दिवे, माळीही जागोजागी लागणार.

तरी नव्या जागेचा प्रश्न असेल तर माझं मत छोट्या बागांनाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये सुचवलेलं माप आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवळ. म्हणजे पाच मिनिटांची चाल. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि रस्ता एकट्याने ओलांडू न शकणाऱ्या नातवाला एवढंच अंतर झेपतं. गावाबाहेरचं सुंदर उद्यान त्यांच्या वाट्याला रविवारीच येतं, तेही कुणी गाडीने नेलं तर.

आधीपासून असलेल्या जुन्या मोठ्या उद्यानाचे मात्र तुकडे पाडू नयेत. तिथली झाडं वाढायला कित्येक दशकं गेलेली असतात.