नाशिकच्या ‘द्राक्षबाग परिक्रमे’चे पैसे भरण्याआधी हे वाचा

‘गोदाकाठची द्राक्षबाग परिक्रमा. एका दिवसात १४ किलोमीटरचा गोल ट्रेक, पुण्याहून बस.’ अशी जाहिरात पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आहे. तुमच्यापर्यंत आली असेल तर पैसे भरू नका, आणि आई-बाबांनाही आजच सांगा.

मी मावशी आणि तिच्या सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रिणींबरोबर गेले होते. माणशी १,८५० रुपये, सगळे आगाऊ, एका माणसाच्या खासगी यूपीआय खात्यावर. त्यात बस, नाश्ता, बागेतलं जेवण, वाटाड्या, वायनरी दाखवणं आणि ‘स्वतःच्या हातांनी घड तोडण्याचा आनंद’. तारीख ऑगस्टमधली.

लबाडी इथेच आहे. नाशिककडे एप्रिलच्या सुमाराला नव्या काड्या वाढाव्यात म्हणून खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि घड येतात ते त्यानंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये वेलीवर नुसता पाला असतो. नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला हे विचारलं तर तो एका वाक्यात सांगेल. पुण्यात बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि त्यावरच हा धंदा चालतो.

जाहिरातीतला फोटोही तसाच. नदीचं मोठं वळण, उभा चढ आणि त्यावर एकेका खुंटाला बांधलेले वेल. आपल्याकडे वेल तारांवर किंवा मांडवावर चढवतात. मोबाइलवर फोटो शोधून पाहिला तेव्हा तो जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचा निघाला.

पहाटे बस आली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. संयोजक ‘नाशिकला भेटतो’ म्हणाला होता. तो शेवटपर्यंत आला नाही. गंगापूर धरणाच्या अलीकडे एक विशीतला मुलगा बसमध्ये चढला. त्याला आदल्या रात्री फोनवर ठरवलं होतं, वाट माहीत नव्हती, आणि त्याचेही पैसे बुडाले. नदीकाठी जायची सोयच नव्हती, कारण धरणातून पाणी सोडलेलं होतं. पावसाळ्यात हा विसर्ग वाढला की खाली रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं. अशा दिवसांत साठी ओलांडलेल्या बायकांना काठाकाठाने चालवायला निघालेल्या माणसाबद्दल मला जो राग आहे, तो १,८५० रुपयांचा नाही.

डांबरी रस्त्याने चालत एका बागेपाशी पोचलो. पानांवर बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारणीचे निळसर डाग अजून ओले होते. मालक पाठीवरचा पंप उतरवून समोर आले. “ताई, आत येऊ नका, आत्ताच बोर्डो मारलंय. तुमच्या अंगाला लागेल. आणि या महिन्यात द्राक्षं कुठून दाखवू तुम्हाला?” त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. काठालगतच्या ज्या वाटेने आम्ही ‘गोल’ फिरणार होतो, ती एकामागून एक खासगी शेतांमधली, कुंपणं घातलेली. म्हणजे तो गोल मार्ग फक्त नकाशावर ओढलेली रेघ होती. त्या भल्या माणसाने ओसरीत बसवून सगळ्यांना चहा दिला. दिवसभरात मिळालं ते एवढंच, आणि तेही फसवणाऱ्याकडून नाही.

परतताना ड्रायव्हरकाका म्हणाले की त्यांना फक्त निम्मं भाडं मिळालंय. उरलेलं आम्ही वर्गणी काढून दिलं, नाहीतर रात्र तिथेच होती. संयोजकाचा फोन संध्याकाळपासून बंद.

अशा ट्रेकआधी तीन गोष्टी मागा: जागामालकांची परवानगी, वायनरीच्या बुकिंगची पावती (वायनरीला स्वतः फोन करून खात्री करा), आणि संस्थेच्या नावाच्या खात्यावर पैसे भरून बिल. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी ते पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. सेवेतल्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत.

आम्ही दोन्ही हेल्पलाइनकडे तक्रार केली आहे. त्या रात्रीच संयोजकाने ग्रुपवरचे आपले मेसेज पुसून टाकले. मावशीच्या एका मैत्रिणीने जाहिरातीचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते, म्हणून आमची तक्रार उभी राहिली. तुमच्याकडे असं काही असेल तर ते आत्ताच जपून ठेवा.