आयव्हीएफचं ‘गॅरंटी पॅकेज’: सांगितले 2,60,000, गेले 4,22,000

दोन सायकलचं पॅकेज, ₹2,60,000, ‘प्रेग्नन्सी राहिली नाही तर 70 टक्के परत’. गेले ₹4,22,000. परत आला छदामही नाही.

‘ऑफर याच महिन्यापुरती’ वगैरे बोलणं कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हालाही होतं. म्हणूनच जास्त लाज वाटते.

एकपानी कोटेशनमध्ये खालून तिसरी ओळ होती: ‘इंजेक्शन्स – प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’. तिथेच उठायला हवं होतं. ‘साधारण किती?’ विचारलं, तर क्लिनिकच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, ‘ते पेशंटच्या बॉडीवर असतं हो.’ एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत ते सांगणारी रक्ततपासणी) 0.9 चा रिपोर्ट त्यांच्याच कोपराखाली होता! एएमएच इतकं कमी म्हणजे डोस बहुधा वरच्या टोकाचा. बीजं वाढवणारं इंजेक्शन रोज 300 युनिट, दहा-बारा दिवस. दोन मिनिटांचा हिशोब, पण तो मांडला असता तर पॅकेज स्वस्त दिसलं नसतं. आम्ही का नाही मांडला? सोनोग्राफीसाठी नाव पुकारलं होतं आणि सहीसाठी पेन हातात दिलेलं होतं. सबब लंगडी आहे, माहीत आहे.

अकरा दिवस चाललं, म्हणजे 3300 युनिट. 900 युनिटचं एक इंजेक्शन-पेन तीन दिवस पुरतं, तीन पेनांत नऊ दिवस झाले. उरलेल्या दोन दिवसांना 300 ची दोन छोटी पेनं पुरली असती, यांनी चौथं 900 चंच दिलं. 300 युनिट वाया. चार पेनांचे ₹77,600, ओव्ह्युलेशन रोखणारी सहा इंजेक्शनं ₹8,700, बीजं पक्व करणारं शेवटचं ‘ट्रिगर’ इंजेक्शन ₹2,300. मग भूलतज्ज्ञ ₹6,000, इक्सी, म्हणजे बीजात थेट शुक्राणू सोडणं, ₹25,000 (पॅकेज ‘आयव्हीएफ’चं होतं म्हणे, इक्सी वेगळी), दोन भ्रूण गोठवायचे ₹24,000, दुसऱ्या ट्रान्सफरची, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवण्याची, औषधं ₹18,400.

यातलं एकही कलम अचानक उद्भवलेलं नाही. प्रत्येक कलमासमोर ‘धरलंय’ की ‘वेगळं’ हे लिहून घ्या. औषधांचा आकडा दोन दिवस जादा धरून मागा.

खरी मेख ‘सायकल’ या शब्दात होती. आमच्या समजुतीत सायकल म्हणजे नव्याने इंजेक्शनं आणि पिकअप (बीजं बाहेर काढणं). त्यांच्या लेखी ट्रान्सफर झाली की सायकल संपली. पिकअप एकच. भ्रूण तीन, पहिला ताजा ठेवला तो रुजला नाही. गोठवलेल्यातला एक ठेवला ती ‘दुसरी सायकल’. बीटा (बीटा-एचसीजी, गर्भ राहिला की रक्तात वाढणारं हार्मोन) आलं 38, 48 तासांनी 21. बीटा वाढायच्या ऐवजी उतरलं म्हणजे गर्भ टिकला नाही, सांगायला नको. पण कराराच्या मागच्या पानावर ‘प्रेग्नन्सी’ची व्याख्या होती: बीटा 25 च्या वर. म्हणजे प्रेग्नन्सी राहिली, गॅरंटी पूर्ण झाली, ₹1,82,000 बुडाले. परताव्याची अट ‘जिवंत बाळ’ नसेल, निदान सोनोग्राफीत ठोके दिसण्याची नसेल, तर गॅरंटी या शब्दाला काडीची किंमत नाही.

आता दाद. एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा 2021 प्रमाणे क्लिनिकने खर्चाची माहिती द्यायची असते, तक्रार कक्षही ठेवायचा असतो. कक्ष होता की! तिथे बसल्या होत्या त्याच काउन्सेलर मॅडम. सरकारी कार्यालयात गेलो तर ‘दर आमच्याकडे येत नाहीत’. अहो, दर ठरवा असं कुठे म्हणतोय? खर्च सांगितला नाही ही तक्रार आहे, ती कायद्यातच आहे. मग दुसऱ्या टेबलावर, तिथून दुसऱ्या इमारतीत. तिथे विचारलं, ‘सही तुमचीच ना?’ तिसऱ्या फेरीला आमचा अर्जच सापडेना. पोचपावती घेतल्याशिवाय कुठेही कागद देऊ नका. विम्याकडे जायचा प्रश्नच नव्हता, वंध्यत्वाचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण हातात कागद हवेत: औषधांची बिलं बॅच नंबरसकट, पेनांची रिकामी खोकी, भ्रूणांच्या ग्रेडचा लेखी रिपोर्ट. तो रिपोर्ट आम्हाला मागितल्यावर अठराव्या दिवशी मिळाला. पैसे रोख देऊ नका. आमचे ₹40,000 रोख गेलेत आणि पावतीवर नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलंय.

एक भ्रूण अजून त्यांच्याकडेच आहे. तो ठेवायचा म्हणजे ‘तिसरी सायकल’, ₹45,000, औषधं वेगळी. परवा मेसेज आला: साठवणुकीचं नूतनीकरण, ₹12,000, सात दिवसांत.