१९७४ची पद्मिनी: काय बदललं, काय तसंच ठेवलं (वापरानंतरचा अनुभव)

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७४ची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वापर इंदुरातला: राजवाडा आणि जेल रोडची गर्दी, अधूनमधून महू, कधी खंडवा रोडने भेरूघाट. मे महिन्याचं ऊन आणि त्यामागून आलेला पावसाळा, दोन्ही पार पडल्यावरचं हे मत आहे.

नियम एकच धरला होता. जे पान्याने लागतं आणि पान्याने निघतं ते चालेल. जिथे ग्राइंडर किंवा गॅस कटर काढावा लागतो तिथे नाही. फिट्ट ओरिजिनलवाल्यांना हे पटणार नाही आणि मॉडिफिकेशनवाल्यांना अळणी वाटेल, पण गाडी चालवायची असेल तर मधला रस्ता हाच.

काहीही नवीन लावण्याआधी गाडी आधी मूळ मापावर आणा. पद्मिनीच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी डिझाइनच्या नसून झिजेच्या असतात. गिअर अडकतो? लिंकेजचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या दांड्यांचे, बुश गेलेले असतात. ते बदलून रॉडची लांबी नीट लावली की स्टिअरिंगचा गिअर बोटांनी पडतो, त्यासाठी फ्लोअर शिफ्ट नको. गाडी रस्ता सोडून फिरते? किंगपिन, बुश आणि टाय रॉडचे टोक हे पुढच्या चाकांचे सांधे बघा. आणि ग्रीस गन दर हजार-दीड हजार किलोमीटरला फिरवा. निपल (ग्रीस भरायची तोंडं) माती खाऊन बंद झालेले असतात, ते उघडून साफ केल्याशिवाय ग्रीस आत जातच नाही, बाहेर नुसतं दिसायला राहतं.

पैसे सगळ्यात सार्थकी लागले ते हेडलाइटच्या रिलेवर. मूळ वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. पन्नास वर्षांच्या वायरी, गंजलेले जोड. बल्बपाशी पोचेपर्यंत व्होल्टेज घसरतं. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची वायर, लो आणि हायला वेगळे दोन ३० अँपिअरचे रिले, प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थची वायर थेट बॉडीला रंग खरवडून. स्विच फक्त रिले ओढतो, दिव्याचा मोठा करंट रिलेमधून जातो. साधे ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब यावर पुरेसे आहेत. १००/९०चे लावू नका; रिफ्लेक्टर काळा पडतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते नियमातही बसत नाहीत.

मात्र बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनामो तसाच ठेवून वर इलेक्ट्रिकची खैरात करता येत नाही. तो जेमतेम वीस-बावीस अँपिअर देतो, आणि सिग्नलला गाडी हळू चालू असताना जवळपास काहीच देत नाही. नंतरच्या पद्मिनीला आलेला अल्टरनेटर ब्रॅकेट बदलून बसतो. डायनामो आणि कटआउट पुसून, तेल लावून बांधून ठेवलेत.

ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट काढून त्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली बसणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच लावला. बाहेरून काही कळत नाही. सकाळचा स्टार्ट सुधारला, ०.४५ मिमीची गॅप पुन्हा पुन्हा लावणं संपलं. याचे दोन धोके. इंजिन बंद ठेवून चावी चालूवर राहिली तर मॉड्यूल किंवा कॉइल जळते. आणि बॅटरीच्या वायरी उलट लागल्या तर क्षणात खेळ खलास. पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत असू द्या. मॉड्यूल रस्त्यात मेला तर दुरुस्त होत नाही, पॉइंट अर्ध्या तासात परत बसतात.

आता उन्हाळ्याचा खरा त्रास: पेट्रोल पंप. पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला, त्यामुळे गर्दीत तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घशात घास अडकल्यासारखी बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चालते, पण ती युक्ती झाली, इलाज नव्हे. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर (पुशरॉडचं माप त्यानुसार तपासून), पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब, मध्ये पत्र्याची आड. एवढ्यावर शहरात भागलं. घाटात भागलं नाही, म्हणून टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. तो ३ पीएसआयच्या वरचा घेऊ नका. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोट नीडल त्याहून जास्त दाब धरत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं. इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा कटऑफ स्विच मात्र हवाच. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल फेकत राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

ई-२०, म्हणजे २० टक्के एथनॉलच्या पेट्रोलने हा प्रश्न वाढवला. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होऊन फाटतो. नळ्या एथनॉल चालणाऱ्याच घ्या, पडदाही त्याच प्रतीचा. एथनॉल जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तेच जेट ठेवलं तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं आणि चढावर ठसकतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक पायरी, म्हणजे भोकाने ०.०५ मिमी मोठं केलं, प्लगचा रंग पांढुरक्यावरून तपकिरी झाला. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. एथनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते खाली बसतं, आणि टाकी आतून गंजते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकायची सवय मोडा. क्षार साचून नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि ३० टक्के कूलंट. थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत इथल्या गॅरेजात सर्रास आहे. त्याने इंजिन थंडीत गरमच होत नाही आणि सिलिंडर झिजतो. तापायचं कारण बहुतेक वेळा बुजलेला रेडिएटर असतो, थर्मोस्टॅट नव्हे. एसीचा विचार सोडून दिला. चाळीस बीएचपीच्या इंजिनावर कंप्रेसर टाकून घाटात काय उरणार? पुढच्या खिडकीची तिकोनी काच उलटी फिरवली की वारा थेट अंगावर येतो.

टायर १६५/८० आर१४ रेडियल, डिझायरच्या मापाचे, कुठेही मिळतात. मूळ ५.२०-१४च्या घेराच्या अगदी जवळ, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. रिमची रुंदी आधी मोजा. आणि टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घालाच. जुन्या रिमला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा नसतो. हवा पुढे २६, मागे २८. चारही एकाच जातीचे हवेत. पुढे रेडियल आणि मागे जुने क्रॉसप्लाय हा सगळ्यात वाईट मेळ, ओल्या वळणावर मागची बाजू सुटते. पार्किंगला स्टिअरिंग जड झालं, ही त्याची किंमत.

ब्रेकबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. पुढे डिस्क लावू का? ताशी साठ-सत्तरच्या आत राहणाऱ्या गाडीला नको, असं आता ठाम मत झालं आहे. ड्रम लेथवर टर्न करून, नवीन लाइनर, नवीन व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि ताजं ब्रेक ऑइल, मग चारही चाकांचं अ‍ॅडजस्टमेंट सारखं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तिथे सिलिंडर गळतोय किंवा लाइनरला ग्रीस लागलंय. पाण्यातून गेल्यावर पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवा, ड्रम सुकतात. खरी उणीव वेगळीच आहे: मूळ गाडीत सगळ्या चाकांना एकच सर्किट. एक होज फुटला की पेडल थेट फळीला. म्हणून पहिला पैसा टँडम, म्हणजे दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरवर घाला, पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं. डिस्क लावायचीच असेल तर ड्रमच्या मास्टरमधला दाब अडवणारा व्हॉल्व्ह पुढच्या लाइनमधून काढायला सांगा. तो राहिला तर पॅड कायम घासत राहतात, चाक तापतं, आणि दोष डिस्कवर येतो.

इंजिन बदलण्याचा सल्ला प्रत्येक गॅरेजात फुकट मिळतो. प्रीमियर ११८ एनईचं निसान इंजिन टाका, मारुती एस्टीमचं टाका. त्यासाठी माउंटिंग कापायचं, प्रॉपेलर शाफ्ट छोटा करून बॅलन्स करायचा, रेडिएटर सरकवायचा. आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ब्रेक आणि पत्रा तसेच. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ असा की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालत नाही. इंजिन बदल आरसीवर चढलेला नसेल तर विम्याचा दावा अडतो.

जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी तर हिशोब आणखी स्पष्ट केला. पन्नास वर्षांवरची, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येते. नवीन नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे ५,०००. पण मग ती नेहमीच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. रोज काढायची असेल तर नेहमीची आरसी नूतनीकरण करत राहा. मात्र इंजिन कापून बदललंत की व्हिंटेजचा दरवाजा बंद झाला.

‘ओरिजिनल’चा बाऊही फार करू नये. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३५ची ड्यूसेनबर्ग घ्या: चासी अमेरिकेतली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. त्या काळी ओरिजिनल गाडी मालकाच्या आवडीनेच घडायची. पद्मिनी तशी नाही, ती कुर्ल्याच्या कारखान्यातून एकसारखी निघाली, म्हणून तिच्यात कारखान्याचंच माप धरायचं.

रंगाला हात लावला नाही. सिलखालचा (दाराखालच्या पट्टीचा) गंज मात्र, पान्याच्या नियमाला अपवाद करून, कापून २० गेजच्या पत्र्याने मिग वेल्डिंगवर जोडला, कारण फायबर लावून वरून पुट्टी मारली की आत गंज चालूच राहतो. विकत घेताना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टी जाड आहे. काढलेला प्रत्येक भाग फोटो, तारीख आणि चिठ्ठीसह खोक्यात ठेवा, बोल्टसुद्धा. त्यांचे पेच जुने आहेत, दुकानात मिळणारे सगळेच बसतात असं नाही.