शोधप्रकल्पाचा विषय: दुसऱ्या सत्रात की तिसऱ्या?

पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींपुढे हा प्रश्न दरवर्षी येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचे ८८ श्रेयांक (क्रेडिट). त्यात शोधप्रकल्पाचे तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६.

विषय तिसऱ्या सत्रात ठरवला, तर संशोधन पद्धती शिकून झालेली असते, त्यामुळे प्रश्न नेमका सुचतो. पण वेळ कुठे उरतो? एखादी मानसशास्त्रीय चाचणी वापरायची तर तिच्या कर्त्याची परवानगी, मग नैतिकता समितीची मंजुरी, सहभागींची संमतिपत्रं. तोवर गणपती येतात, मग महाविद्यालयांच्या परीक्षा, लगेच दिवाळीची सुट्टी. नमुना म्हणून हवे असलेले विद्यार्थी गावी गेलेले! शाळांमध्येही तेच.

दुसऱ्या सत्रातच विषय धरला, तर उन्हाळ्यात विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून संदर्भ वाचता येतात आणि पावसाळ्यात माहिती गोळा करता येते. विषय पुढे थोडा बदलावा लागतो, एवढाच तोटा. शिवाय डिसेंबरच्या नेटच्या (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेच्या) अभ्यासाला मोकळीक मिळते.

मी दुसरं सत्रच सुचवेन. मार्गदर्शकांशी मात्र आधी बोला; त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, हे विचारायला लाजू नका.