वाफे दारात, भाजी बाजारातली

"आमची भाजी आमच्याच बागेतली. सकाळी खुडलेली, संध्याकाळी तुमच्या ताटात." या वाक्याला मी भुलले आणि एका रेस्टॉरंटच्या वर्षभराच्या सभासदत्वाचे पैसे आगाऊ भरले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. असं आणखीही कुठे चालत असेल, तर ते ओळखायचं कसं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

आत शिरतानाच दोन्ही बाजूंना वाफे होते. लेट्यूस, पालक, टोमॅटो, प्रत्येक वाफ्यावर लाकडी पाटी, माती ओली, तण औषधालाही नाही. ते बघून माझं मन इतकं निवलं, की पुढे काही विचारावं असं वाटलंच नाही. तीन-चार वेळा जेवून आले, चार जणांना कौतुकानं सांगितलं.

मग एकदा बाबांना घेऊन गेले. बाबांनी आयुष्यभर भाजीपाला पिकवला आहे. ते टेबलाकडे न जाता आधी वाफ्यापाशी वाकले. टोमॅटोची रोपं गुडघ्याएवढी होती, पिवळी फुलं नुकती उमलत होती, फळ एकही धरलेलं नव्हतं. ताटात मात्र लालभडक टोमॅटोच्या चकत्या आल्या. फळ धरल्यापासून पिकून लाल व्हायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. बाबांनी एक चकती काट्यानं उलटी केली. मधला गर पांढरट आणि टणक होता, बिया अजून हिरवटच होत्या. "हा कच्चा तोडून मग पिकवलाय," एवढंच ते म्हणाले आणि चकती बाजूला सारली. लांब पाठवायचा टोमॅटो असाच हिरवा तोडतात आणि नंतर इथिलीन वायू देऊन पिकवतात. रंग येतो, पण वेलावर पिकलेल्याची चव त्याला येत नाही.

मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आमचं मोठं शेत दुसरीकडे आहे." कुठे, ते त्याला सांगता येईना. मॅनेजर आले, हसत म्हणाले, "पुढच्या महिन्यात सभासदांना शेत दाखवायला नेणार आहोत." तो पुढचा महिना कधी आलाच नाही.

त्याच दिवशी हात धुवायला गेले तेव्हा मागचं दार उघडं होतं. क्रेटवर क्रेट रचलेले. वरच्या क्रेटमधल्या ढोबळ्या मिरच्यांवर छोटे गोल स्टिकर, त्यांवर चार अंकी आकडा. हा आकडा दुकानातल्या बिलाच्या काउंटरवर माल ओळखता यावा म्हणून असतो. स्वतःच्या बागेतली मिरची स्वतःच्याच स्वयंपाकघरात नेताना तिला स्टिकर कोण कशाला लावेल? एक मिरची मी हातात घेऊन पाहिली. देठाचं टोक सुकून तपकिरी झालं होतं. नुकत्या तोडलेल्या मिरचीचा देठ हिरवा आणि रसरशीत असतो.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला, जो खरं तर पैसे भरण्याआधी मांडायला हवा होता. लेट्यूसचा वाफा फार तर ३० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर साधारण १२ गड्डे, म्हणजे एकूण ३६०. रोज १०० माणसं जेवतात आणि प्रत्येकाला अर्धा गड्डा लागतो असं धरलं, तर आठवड्याभरात वाफा रिकामा. नवीन रोप लावून गड्डा भरायला दीड-दोन महिने. गड्डा न कापता बाहेरची पानं खुडत राहिलं तर थोडं जास्त निघतं, पण तरी हे गणित काही केल्या बसत नाही. आणि मी जात होते त्या तीन महिन्यांत तो वाफा एकदाही विरळ झालेला मी पाहिला नव्हता! ते भरलेपण बघून मी खूश होत होते, आणि पुरावा नेमका तिथेच होता.

मेनूकार्डही तसंच. प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं, तीन महिने एक अक्षर न बदललेलं. त्यात मटारही 'आज खुडलेले' आणि भेंडीही. मटाराला थंड हवा लागते, कडक उन्हात त्याची फुलं गळतात. भेंडीला ऊब लागते. उघड्या वाफ्यात दोन्ही एकदम, तेही महिनोन्‌महिने, मिळत नाहीत.

जे खरोखर पिकवतात, त्यांना हे लपवता येत नाही. गारपीट झाली, कीड पडली, की पदार्थ बदलावा लागतो. अमेरिकेत बर्कलीला अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली 'शे पानीस' हे रेस्टॉरंट सुरू केलं. तिथला मेनू रोज बदलतो, कारण चांगलं काय मिळालं त्यावर तो ठरतो. आणि खोटे दावेही नवे नाहीत. २०१६ मध्ये 'टॅम्पा बे टाइम्स' या वृत्तपत्रानं फ्लोरिडातल्या रेस्टॉरंटांचे असे दावे तपासले, थेट शेतकऱ्यांना विचारलं, आणि अनेक दावे खोटे निघाले. ते वाचून मला धीर आला. फसणारी मी एकटी नव्हते.

म्हणून कळकळीनं सांगते, अशा ठिकाणी गेलात तर "आज बागेत काय नाही?" असं विचारा. खरं पिकवणारा लगेच सांगतो, की पालक संपला, गाजराला अजून तीन आठवडे आहेत. आमच्या मॅनेजरांचं उत्तर होतं, "सगळं आहे!" बाहेरून काय घेता आणि कोणाकडून, हेही विचारा. बाहेरून घेणं हा गुन्हा नाही. कांदे-बटाटे बहुतेक जण बाहेरूनच घेतात. सांगायला टाळाटाळ झाली, की समजायचं. आणि वर्षाचे पैसे एकदम तर मुळीच भरू नका.

मी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, "'आमच्या बागेतली' म्हणजे बागेच्या संकल्पनेवर आधारलेली." पण त्यांच्या जाहिरातीतलं 'सकाळी खुडलेली' हे वाक्य आणि पैसे भरल्याची पावती मी जपून ठेवली होती. दोन्ही जोडून लेखी तक्रार दिली. दोन महिने पाठपुरावा केल्यावर निम्मे पैसे परत मिळाले. उरलेल्या निम्म्यांसाठी माझा पाठपुरावा अजून चालूच आहे.